प्रकल्प नोंदी: गिरगावच्या पीसीचं पुसलं गेलेलं पार्टिशन टेबल

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

गिरगावातल्या डीटीपीवाल्या काकांचा फोन. मंगळवारी, १९ तारखेच्या त्या धुवांधार पावसात लाइट गेली, पीसी दणकन बंद पडला आणि नंतर विंडोज 'ऑटोमॅटिक रिपेअर'मध्येच फिरत राहिलं. काकांनी डिस्क काढून ओळखीच्या एका दुकानात दिली. दुकानातल्या पोराने ती यूएसबी केसमध्ये घालून आपल्या मशीनला लावली. विंडोजने विचारलं, 'डिस्क इनिशियलाइझ करायची का?' पोराने हो म्हटलं. मग डिस्क रिकामी दिसायला लागली. "फॉरमॅट मारून देऊ का?" असं त्याने विचारल्यावर काकांनी डिस्क हिसकावून घेतली आणि तडक घरी आले. फॉरमॅट झालेलं नाही, एवढी एक गोष्ट चांगली.

मशीनची कुंडली अशी. १ टीबीची हार्डडिस्क, यूईएफआय (मशीन सुरू करणारं नव्या धर्तीचं फर्मवेअर), एका बाजूला विंडोज १०, दुसऱ्या बाजूला लिनक्स मिंट. काकांची पानं पेजमेकरमध्ये लागतात, फाँट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले, आणि प्रेसलाही तीच फाइल लागते. म्हणून विंडोज ठेवायचं, पण त्याला इंटरनेट द्यायचं नाही. मेल, पीडीएफ, लेखकांकडून येणारा युनिकोड मजकूर हे सगळं मिंटमध्ये. दोन्हीकडून दिसणारं सामायिक पार्टिशन म्हणजे डी. दिवाळी अंकाची लावलेली सगळी पानं त्या डीवर. पेनड्राइव्हवर बॅकअप आहे, पण जुलैचा.

"अरे, पानं गेली तर मी संपादकांना काय तोंड दाखवू?" काका दर दहा मिनिटांनी हेच विचारत होते. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत याची यादी. त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं: पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली आहे, पानं जागेवरच असणार. कोणतं प्रकरण कुठल्या पानापासून कुठपर्यंत, तेवढं शोधून अनुक्रमणिका परत लिहायची. काकांना पटलं. चहा आला.

काम सुरू. डिस्क पुन्हा पीसीत साटा केबलने लावली, मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन चालू केलं. डिस्कवर काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

आधी स्मार्ट पाहिलं, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. सेक्टर म्हणजे डिस्कचा लिहिण्या-वाचण्याचा लहानात लहान तुकडा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, केबलचे दोष दाखवणारा सीआरसीचा आकडा शून्य, पण करंट पेंडिंग (वाचताना अडलेले) सेक्टर ८. आठ म्हणजे बहुतेक एकच खरा सेक्टर: ही डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरते आणि बाहेर ५१२ बाइटचे दाखवते, त्यामुळे आतला एक बिघडला की बाहेर आठ मोजले जातात. डिस्क मरणपंथाला लागली नसेल, पण तिच्यावर आता भरवसा नाही. आधी इमेज, म्हणजे डिस्कची बाइट-बाइट नक्कल, मग दुरुस्ती.

निघण्यापूर्वी मदरबोर्डच्या बूट नोंदी तपशिलासकट वाचून घेतल्या. 'विंडोज बूट मॅनेजर' आणि 'उबुंटू', दोन्ही शाबूत. मिंट फर्मवेअरमध्ये आपलं नाव उबुंटू असंच लावतं, ते बघून दचकायचं कारण नाही. प्रत्येक नोंदीत ईएफआय पार्टिशनचा (बूटच्या फाइली ठेवणारं छोटं पार्टिशन) क्रमांक, जीयूआयडी (त्याचा एकमेव ओळख क्रमांक), सुरुवात आणि लांबी असते. सुरुवात हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ८००, म्हणजे सेक्टर २०४८. लांबी हेक्समध्ये ३२०००, म्हणजे २,०४,८०० सेक्टर, बरोबर १०० एमबी. डिस्कवरचं टेबल गेलं तरी त्यातलं एक पार्टिशन बोर्डाच्या चिपमध्ये लिहिलेलं आहे. स्क्रीनचा फोटो काढला आणि वहीतही उतरवलं.

रविवार, २४ ऑगस्ट

डिस्क मुलुंडला घरी आणली. डीडीरेस्क्यूने २ टीबीच्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर इमेज काढली. हे साधन आधी सरळ वाचता येईल तेवढं उचलतं, अडेल ते बाजूला ठेवतं आणि शेवटी अडलेल्यावर परत येतं. कुठे काय झालं ते मॅप फाइलमध्ये लिहीत जातं. मध्येच थांबवावं लागलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. आजाऱ्या डिस्कवर साधं डीडी (नुसती सरळ नक्कल करणारं साधन) चालवणारे लोक मला कळत नाहीत.

दुपारभर चाललं. मॅप फाइलमध्ये एकच वाईट तुकडा, लांबी हेक्समध्ये १०००, म्हणजे ४०९६ बाइट. कालचा तर्क बरोबर. तो भाग इमेजमध्ये शून्यांनी भरलेला राहिला. नेमका कुठल्या फाइलचा, ते पार्टिशन सापडल्यावर बघू. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात. यापुढे सगळं इमेजवर.

पार्टिशन टेबल वाचणाऱ्या जीडिस्कने इमेज उघडली. उत्तर: प्रोटेक्टिव्ह एमबीआर आहे, जीपीटी नाही. जीपीटी म्हणजे हल्लीचं पार्टिशन टेबल, एमबीआर म्हणजे जुनं; प्रोटेक्टिव्ह एमबीआर ही जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून लावलेली पाटी. हे विचित्र आहे. पोराने इनिशियलाइझ केलं, तर निदान कोरं का होईना, नवं जीपीटी तरी दिसायला हवं होतं. ते गेलं कुठे?

हेक्समध्ये पहिले काही सेक्टर पाहिले आणि कोडं तिथेच सुटलं. सेक्टर ० च्या शेवटी ५५ एए ही खूण आहे, पार्टिशनचा प्रकार ईई. म्हणजे प्रोटेक्टिव्ह एमबीआर ठीक. सेक्टर १ मध्ये जीपीटीचा हेडर असायला हवा, 'ईएफआय पार्ट' या आठ अक्षरांनी सुरू होणारा. तिथे शून्यं. सेक्टर २ शून्यं. ३, ४, ५, ६, ७, सगळी शून्यं. आणि सेक्टर ८ च्या पहिल्याच बाइटपासून 'ईएफआय पार्ट'.

आठवा सेक्टर म्हणजे ४०९६वा बाइट. दुकानातली ती यूएसबी केस बाहेर ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवणारी होती. अशा केस आहेत. जुन्या एमबीआरला ५१२च्या सेक्टरवर २ टीबीची मर्यादा असते. सेक्टर आठपट मोठा दाखवला की मर्यादा १६ टीबीवर जाते, त्यासाठीची ती क्लृप्ती. पण पीसीमध्ये ५१२च्या हिशोबाने बनलेली डिस्क त्या केसमध्ये घातली की विंडोज 'सेक्टर १' म्हणून ४०९६व्या बाइटवर बघतं, तिथे हेडर सापडत नाही आणि विचारतं, इनिशियलाइझ करू? डिस्कचं टेबल तोवर धडधाकट होतं. केसमधून काढून साटाला लावली असती तर सगळं दिसलं असतं.

खात्रीसाठी हेडरमधला बॅकअपचा पत्ता वाचला: २४,४१,९०,६४५. त्यात एक मिळवून आठने गुणलं की १,९५,३५,२५,१६८, म्हणजे या डिस्कच्या ५१२च्या सेक्टरांची संख्या, तंतोतंत.

आता नुकसान किती? जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, सहसा तीच वाचवते. इथे तीही गेली. नव्या हिशोबात शेवटचे ४०९६ बाइट हेडरसाठी आणि त्याआधीचे १६,३८४ बाइट नोंदींसाठी लिहिले गेले. जुनी प्रत शेवटच्या १६,८९६ बाइटांत होती, ती पूर्ण झाकली गेली. सुरुवातीलाही तेच: सेक्टर लिहायचा तर ४०९६ बाइट एकदम लिहिले जातात, त्यात जुना हेडर आणि कामाच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या.

पण पहिलं पार्टिशन १ एमबीपासून सुरू होतं आणि नवं लिखाण त्याच्या पुष्कळ आधी, २४,५७६व्या बाइटला संपतं. पार्टिशनांच्या आतल्या एकाही बाइटला धक्का नाही. काकांना मेसेज टाकला: "पानं आहेत." त्यांनी गणपतीचा फोटो पाठवला.

सोमवार, २५ ऑगस्ट

ऑफिसातून आल्यावर टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशनं शोधणारं साधन. क्विक सर्च, मग डीपर सर्च. डीपर सर्चच्या यादीत भुतंही (आता नसलेली पार्टिशनं) येतात, ती यायचीच.

ईएफआय पार्टिशन सापडलं, २०४८ ते २,०६,८४७, फर्मवेअरच्या नोंदीशी जुळलं. विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन सापडलं. डी सापडलं, फाइलींची यादीही दिसली. अंकाचं फोल्डर उघडून नावं वाचली तेव्हा बरं वाटलं. मिंटचं एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) सापडलं आणि त्याच्याच राखीव सुपरब्लॉकवरून (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकच्या प्रती) निघालेली दोन खोटी एक्स्ट४ही.

खरी गंमत सी ची, म्हणजे विंडोजच्या पार्टिशनची. एकाच ठिकाणी, सेक्टर २,३९,६१६ ला, सुरू होणारी दोन एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम). एक सुमारे ४०० जीबीचं, एक सुमारे २४० जीबीचं. मोठ्याच्या पोटात अख्खं मिंट बसतं. टेस्टडिस्क इथे आपल्यालाच निवड करायला लावतं आणि 'मोठं म्हणजे पूर्ण' असं समजून मोठं निवडणारे मी पाहिले आहेत. त्यांचं लिनक्स मग कायमचं जातं, कारण विंडोज त्या जागेत बिनदिक्कत लिहायला लागतं.

दोन का दिसतात याचं कारण साधं आहे. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. मिंट टाकताना काकांच्या भाच्याने सी छोटं केलं, तेव्हा नवी नक्कल नव्या टोकाला लिहिली गेली. पण जुन्या टोकाची नक्कल कुणी पुसली नाही. ती अजून तिथेच पडून आहे. टेस्टडिस्क तिच्यावरून जुनं सी उभं करतं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणेश चतुर्थी, घरात मखराचा पसारा. तरी रात्री तासभर मिळाला, तो टोकं मोजण्यात घालवला. टेस्टडिस्कच्या 'राइट'वर बोट ठेवण्याआधी प्रत्येक पार्टिशनची सुरुवात आणि शेवट हाताने पडताळायचा, ही माझी जुनी सवय.

सी: सुरुवातीच्या सेक्टरमध्ये ईबी ५२ ९०, पुढे 'एनटीएफएस'. हेक्समधल्या २८व्या बाइटपासून एकूण सेक्टरांचा आकडा. हा आकडा पार्टिशनच्या लांबीपेक्षा एकने कमी असतो, कारण शेवटची नक्कल त्यात धरत नाहीत. सुरुवातीत तो मिळवला, त्या सेक्टरवर गेलो: तीच ईबी ५२ ९०, तोच आकडा. ४०० जीबीवाल्या नकलेतला आकडा वेगळा. सध्याचं सी म्हणजे छोटं. संशय मिटला.

डीची पडताळणी तशीच, जुळली.

मिंट: सुपरब्लॉक सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर, ईएफ५३ ही खूण जागेवर. त्यातली ब्लॉकची संख्या गुणिले ४०९६ ही फाइलसिस्टिमची लांबी. रिकव्हरीच्या आधी बरोबर संपते.

एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेलं पार्टिशन): यात फाइलसिस्टिमच नसते, त्यामुळे टेस्टडिस्कला ते कधीच सापडणार नाही. ईएफआय २,०६,८४७ ला संपतं, सी २,३९,६१६ ला सुरू होतं. मधली फट ३२,७६८ सेक्टर, म्हणजे १६ एमबी. विंडोज १० चं एमएसआर एवढंच असतं. फट भरली.

उरला क्रमांकांचा प्रश्न. जागेच्या क्रमाने मोजलं तर मिंट चौथं येतं, पण ते सगळ्यात शेवटी बनलं. ईएफआय पार्टिशनमधल्या उबुंटू फोल्डरात ग्रबची (लिनक्सचा बूट मेन्यू) छोटी फाइल असते. तिच्यात मिंटच्या रूट पार्टिशनचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) आणि शेजारी इशारा: 'एचडी०, जीपीटी६'. म्हणजे मिंट सहावं, रिकव्हरी चौथं, डी पाचवं. ग्रब यूयूआयडीने शोधतं, क्रमांक चुकला म्हणून अडणार नाही. पण जसं होतं तसंच करायचं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

दीड दिवसाचे बाप्पा गेले, घर शांत. आज या कामातला सगळ्यात मजेचा भाग.

टेबल नुसतं नव्याने लिहिलं तर प्रत्येक पार्टिशनला नवा जीयूआयडी मिळतो. लिनक्सला त्याचं सोयरसुतक नाही. एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) फाइलसिस्टिमचा यूयूआयडी पाहतं आणि तो आत सुरक्षित आहे. विंडोजचं तसं नाही. त्याचं बीसीडी (बूटची माहिती ठेवणारी फाइल) डिस्क आणि पार्टिशन ओळखतं ते जीयूआयडीने. ते बदलले की फर्मवेअरची नोंद लटकते, बूट मॅनेजरला सी सापडत नाही. बहुतेक जण इथे बीसीडीबूट चालवून बीसीडी नव्याने बनवतात आणि मोकळे होतात. चालतं ते. पण ड्राइव्हची अक्षरंही जीयूआयडीवरच बांधलेली असतात. डीचं एफ झालं, तर पेजमेकरच्या पानांत जोडलेल्या डीवरच्या शेकडो चित्रांचे पत्ते तुटणार आणि ऐन अंकाच्या कामात काका एकेक चित्र परत दाखवत बसणार. अक्षर नंतर हाताने बदलता येतं, पण जुने जीयूआयडी मिळत असतील तर नवे कशाला?

ते मिळतात. ईएफआयचा फर्मवेअरमधून आधीच वहीत आलेला. सीची इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केली, विंडोजच्या रजिस्ट्रीतली सिस्टिम हाइव्ह (रजिस्ट्रीची एक फाइल) बाहेर काढली आणि हाइव्हेक्सने 'माउंटेड डिव्हायसेस' उघडलं. सी आणि डीसमोर २४ बाइट: पहिले आठ 'डीएमआयओ:आयडी:' अशी अक्षरं, उरलेले सोळा म्हणजे पार्टिशनचा जीयूआयडी. उतरवताना एक खोच: पहिले चार बाइट उलट्या क्रमाने वाचायचे, मग दोन उलटे, पुन्हा दोन उलटे, शेवटचे आठ जसेच्या तसे. डिस्कचा आणि रिकव्हरीचा जीयूआयडी बीसीडीतून मिळाला. बीसीडीही एक हाइव्हच असते, त्याच हत्याराने उघडते. एमएसआर आणि मिंटला कोणी नावाने हाक मारत नाही, त्यांना नवे दिले तरी बिघडत नाही.

इमेजचा पहिला आणि शेवटचा एकेक एमबी वेगळा जपून ठेवला. मग एसजीडिस्कने सहाही पार्टिशनं लिहिली: सुरुवात, शेवट, प्रकार, जीयूआयडी. पडताळणीत एकही तक्रार नाही. इमेज लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे खऱ्या डिस्कसारखी जोडली, सहाही दिसली. मिंटवर ईटूएफएसचेक ही तपासणी, बदल न करता: आधी जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) पुरं करायला हवं एवढंच, बाकी स्वच्छ.

वाईट सेक्टरची फाइलही शोधली, एनटीएफएसक्लस्टरने. डीवरच्या एका जुन्या अंकातलं जाहिरातीचं पान, सीएमवायके टिफ. ४०९६ शून्यं म्हणजे चार रंगांच्या हिशोबाने १०२४ पिक्सेल, आणि सीएमवायकेत शून्य म्हणजे कोरा कागद. ३०० डीपीआयला साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांब, एका पिक्सेलची पांढरी रेघ. काकांना दाखवली. म्हणाले, "छापून झालं, रद्दीत गेलं, आता तू मला रेघ दाखवतोस!"

शनिवार, ३० ऑगस्ट

लॅमिंग्टन रोडला नवी १ टीबीची एसएसडी घेतली. सेक्टरांची संख्या जुनीइतकीच आहे ना, हे दुकानातच लॅपटॉपला लावून पाहिलं. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडून देऊ. यूएसबी अडॅप्टर माझा स्वतःचा, ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारा, हेही आधी तपासलेलं.

इमेज एसएसडीवर उतरवली आणि गिरगाव गाठलं. गल्लीत ढोल, काकांच्या खोलीत बोलणं ऐकू येईना. एसएसडी लावली. जुनी डिस्क जोडली नाही आणि जोडायचीही नाही: एकसारखे जीयूआयडी असलेल्या दोन डिस्क विंडोजसमोर एकदम आल्या तर ते त्यातली एक ऑफलाइन करतं.

ग्रबचा मेन्यू आला. मिंट सुरू, काही विचारलंही नाही.

विंडोज: बूट मॅनेजरला सी सापडलं, पण पुन्हा ऑटोमॅटिक रिपेअर. हा मूळचा रोग, लाइट गेल्याचा. रिकव्हरीतच कमांड प्रॉम्प्ट उघडून सीवर चेकडिस्क, एफ लावून. अनुक्रमणिकेतल्या काही अनाथ नोंदी काढल्या, बिटमॅप दुरुस्त केला. पुन्हा चालू केलं आणि डेस्कटॉप आला. डी हे डीच होतं. काकांनी अंकाचं पान उघडलं, चित्रं सगळी जागेवर. त्यांनी झूम करून एकेक जोडाक्षर तपासलं. माझं काम तपासत होते की आपलं, कळलं नाही.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. लाइव्ह सेशनने बोर्डाच्या घड्याळात यूटीसी लिहिलं होतं, लावून दिलं.

त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद, हायबरनेशनसकट. ते चालू असलं की विंडोज 'शटडाउन' म्हटलं तरी अर्धवट झोपतं आणि डी उघडंच राहतं. मिंट अशा पार्टिशनवर लिहायला नकार देतं ते बरोबरच करतं. काकांची जुनी तक्रार होती की मिंटमधून डीवर कधी सेव्ह होतं, कधी होत नाही. ती यातच मिटली.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज सगळं गिरगाव झोपलेलं. आठवडाभर पीसी नीट चालला. एसजीडिस्कने टेबलचा बॅकअप घेतला. फाइल काही केबीची. एक प्रत काकांच्या मेलमध्ये, एक माझ्याकडे. सहा पार्टिशनांची सुरुवात, शेवट आणि जीयूआयडी असा तक्ता काकांनी स्वतः पेजमेकरमध्ये लावून, चौकट-बिवकट घालून छापला आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला.

डीची रोज रात्री दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत जाईल असं मिंटमध्ये आरसिंक लावून दिलं. यूपीएसचं सांगितलं आहे. "अंकाचे पैसे आले की" असं उत्तर आलं.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतो. दिवाळी त्याच आठवड्यानंतर लगेच, त्यामुळे अंक प्रेसला जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं. विंडोज ऑफलाइनच असल्याने घाई नाही. नंतर ते मिंटच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं का, पेजमेकरची छपाई तिथून नीट येते का, ते बघायचं. चाललं तर ड्युअल बूटच नको.

जुनी डिस्क माझ्याकडेच, 'पुसू नये' अशी चिठ्ठी लावून. अंक छापून हातात आला की तिची पूर्ण लेखन चाचणी घेईन. पेंडिंगचे आठ गेले आणि रीअलोकेटेड वाढले नाहीत तर भाच्याला प्रयोगाला देईन.